सहावा रकाना

गुरुजी, तुम्हांला जाऊन वीस वर्षे होत आली. आज सकाळी पूजा आटोपून बसलो आणि वाटले, ही गोष्ट तुम्हांलाच सांगायला हवी. कल्याणच्या शाळेत मी मुलांचे गुण अजून तुमच्याच पद्धतीने मांडतो : पाढे, तोंडी हिशेब, कविता, व्याकरण, भूगोल आणि शेवटी हस्ताक्षर. तुम्ही तो कागद दाखवून म्हणायचात, "पाहा, पाढ्यांत जो वर तो कवितेत वर, हिशेबात जो खाली तो भूगोलातही खाली. विषय पाच, पण मागे गोष्ट एकच. तिचे नाव बुद्धी." एवढी वर्षे मी पाहतो आहे, ते रकाने खरोखरच बरोबर चढतात आणि बरोबर उतरतात.

माझा धाकटा भाऊ पाचही रकान्यांत तळाला असे, हस्ताक्षरात मात्र पहिला. अजून दिसतो : गावच्या शाळेच्या पडवीत मान खाली घालून कित्ता गिरवतो आहे, आणि तुम्ही म्हणता आहात, "अक्षर हे हाताचे काम, ते यात धरायचे नाही." मग एके दिवशी बाबा आला. "दोघांतला एक मना मिठागरावर पायजे, मास्तर. कोनता नेऊ?" बाबाला वाचता येत नव्हते, तरी तुम्ही कागद त्याच्यापुढे धरलात. "पाच साक्षी एकच सांगतात. धाकट्याला ने."

यंदा माझ्या वर्गात तसाच एक मुलगा आला. पाचांत खाली, अक्षर सर्वांत नेटके. तोंडी हिशेब घातला तर तो माझ्या ओठांकडेच बघत राहिला. तोच हिशेब पाटीवर लिहून दिला आणि त्याने चटकन सोडवला. तेव्हा उमगले, गुरुजी : पाचही विषय आपण बोलून शिकवतो आणि बोलूनच विचारतो. साक्षी खऱ्या होत्या, पण पाचही कानाच्या एकाच दाराने आलेल्या. मागे एकच गोष्ट होती, हेही खरे; तिला नाव मात्र आपण भलतेच दिले. आणि जो रकाना इतरांबरोबर उतरत नव्हता, तोच आपण बाजूला ठेवला. रविवारी मी मिठागरावर गेलो. भावापुढे ओल्या चिखलात काडीने मिठाच्या टोपल्यांचा हिशेब लिहिला. त्याने शेजारीच उत्तर लिहिले आणि केवढ्याने तरी ओरडला, "आता कसली परीक्षा घेतंस रं मास्तर? पास झालो तं तुझ्या शाळेत बसव मना, पोरांच्या मागं!" सगळे हसले. मीही हसलो, पण तिथे फार वेळ बसवेना.

तुम्हांला दोष द्यावा म्हणून लिहायला बसलो होतो. पण तुम्ही त्याला शाळेतच पाहत होतात. मी घरी पाहत होतो. आई मागून हाक मारी, तो वळत नसे. मीच जाऊन त्याचा खांदा हलवी. बाबाने तुम्हांला विचारले तेव्हा मी दारातच उभा होतो. मला शाळा सोडायची नव्हती. मी गप्प राहिलो. देवापुढेही हे अजून बोललेलो नाही. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि ज्याला हे कळायला हवे तो दोन कोसांवर आहे. त्याला बोलून सांगता येत नाही. लिहूनच द्यावे लागेल. आज तरी माझ्याने ते होत नाही.