कव्हरं शिवून मिळतील

आई, आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे, कारण ती नोंदवून घेणारं खातं सरकारने अजून उघडलेलं नाही. माझ्या नव्या कॉम्प्युटरचं बटण पाठीमागे आहे. पाठीमागे, खाली, उजव्या कोपऱ्यात. माणसाच्या पाठीवर जिथे खाज सुटते आणि हात पोचत नाही, नेमक्या तशा जागी. रोज सकाळी मी टेबलावर ओणवा होतो, त्याला कवेत घेतो, गाल थंड काचेला लावतो आणि बोटांनी चाचपत राहतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने रोज सकाळी कुणाला तरी मिठी मारावी हे तसं चांगलंच. पण ती बटणासाठी मारावी लागावी, हा अन्याय आहे. पुढून बघशील तर नुसती काच, जणू त्याला चालू-बंद होण्याची गरजच नाही.

तू जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहिली ती बटणाची, असं तुला वाटेल. तसं नाही. तुझी एक पाटी माझ्याकडे लिहायची राहिली आहे. तिच्याकडेच येतोय, पण सरळ रस्त्याने यायला मला कधी जमलंय.

याला ऑल-इन-वन म्हणतात. आपल्या पोशीरच्या घरातला पहिला कॉम्प्युटर आठवून बघ, म्हणजे फरक कळेल. ते एक अख्खं खटलं होतं. आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांसारखा ढेरपोट्या मॉनिटर, टेबलाखाली उभा राहून सगळं काम करणारा डबा, दोन बाजूंना दोन स्पीकर, कीबोर्ड, माउस, आणि वीज गेली की घरातल्या सगळ्यांआधी किंचाळणारा यूपीएस. मागे वायरींचा असा गुंता, की कोण कुणाचं हे फक्त जोडून देणाऱ्यालाच ठाऊक. आता ते सगळे दोन बोटं जाडीच्या काचेमागे जाऊन बसलेत आणि बाहेर एकच वायर येते. कर्जतच्या दुकानदाराने आधी गुण गायले: "जागा कमी लागते साहेब, गुंता नाही, खोली नीट दिसते." मग मी पाकीट काढल्यावर त्याला माझी दया आली असावी. आवाज उतरवून म्हणाला, "पण खरं सांगू का, यात एक गेलं की सगळं गेलं. काच फुटली तर आतला माल चांगला असून उपयोग नाही. पुढे काही वाढवावं म्हटलं तर वाव नाही. याच पैशात सुटा घेतलात तर जास्त ताकदीचा येईल." मी तरी हाच घेतला. एक तर माझी एक खोली आणि स्वैपाकघर. दुसरं म्हणजे, तो वर्णन कॉम्प्युटरचं करत होता आणि मला ओळखीचा माणूस दिसत होता. माझ्यातही मालक, स्वैपाकी, झाडूवाला आणि पाहुणा एकाच कातड्यात राहतात, आणि एक तापला की चौघं आडवे होतात.

ठेवलाय कशावर, सांगू? तुझ्या शिलाई मशीनवर. मशीन आत पाडून फळी मिटली की बरोबर त्याच्या पायाएवढी जागा होते. लिहिताना माझे पाय खाली तुझ्या पायट्यावर असतात. विचारात पडलो की पाय आपोआप हलतात आणि काहीही न शिवता चाक फिरतं.

पोशीरला आपल्या भिंतीला लागून भातगिरणी होती. सुगीनंतर तीन-चार महिने कोंडा हवेत तरंगत असायचा. आमटीत, केसांत, देवाच्या कपाळावर. त्यामुळे आपल्या घरात उघडं असं काही नसायचंच. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, शेगडीच्या सिलिंडरला झालरीचा घागरा. कॉम्प्युटर आला तेव्हा मी शहाण्यासारखं बजावून ठेवलं होतं, याला हात लावायचा नाही. आठ दिवसांत ब्लाउजांच्या उरलेल्या कापडांतून सात कव्हरं तयार झाली. मॉनिटरला जांभळं, डब्याला पोपटी, आणि माउसला कुंची, बंदासकट. कोंड्याने त्यांना खोकला होऊ नये म्हणून.

"काचेला कसला आलाय खोकला, आई?" मी विचारलं.

"मानसाला होतो, त्याला काय धाड भरलीय न व्हायला?" तू म्हणालीस. "गिरनीच्या अंगाला राहतो आमी. तुजं पुस्तक तसं सांगत नसंल, पन कोंडा सांगतो."

मग तो दिवस. मी चालू कॉम्प्युटर सोडून चहा प्यायला गेलोय. पडद्यावर मासे पोहतायत. तू येतेस, बघतेस, आणि काम नाही तर झाकलेलं बरं, म्हणून मायेने जांभळं आणि पोपटी दोन्ही चढवतेस, बंदसुद्धा बांधतेस. मी परत येतो तेव्हा गरम वास सुटलेला, डबा बंद, आणि माझी दोन पानं गेलेली. "यंत्र आहे ते," मी ओरडतो, "बाळंतीण नाही गुंडाळून ठेवायला. कळत नाही तिथे कशाला हात घालतेस?"   गिरणी बंद झाल्यावर तू जवळ येऊन म्हणतेस, "त्याचं नाक कुटं हाय, त्ये दाव."

मी डब्याच्या मागची जाळी दाखवली. तू तळहात धरून बसलीस, गरम वारा लागेपर्यंत. "हितनं सोडतो व्हय श्वास." दुसऱ्या दिवशी पोपटी कव्हराला मागे चौकोनी खिडकी होती आणि कडेने काजाचा टाका. तो कॉम्प्युटर अकरा वर्षं चालला. दुकानदाराने पाच सांगितली होती.

आणि मी काय केलं? लेख लिहिला. तालुक्याच्या साप्ताहिकात माझं विनोदी सदर नुकतं सुरू झालं होतं, आणि विनोदी लेखकाला घरात आई असणं म्हणजे परसात विहीर असण्यासारखं. त्या लेखात एक वाक्य होतं, ज्याला लोक खूप हसले: "अडाणी बाईच्या हातात जग दिलं, तर ती आधी त्याचं माप घेईल." नेरळ स्टेशनवर एका ओळखीच्या मास्तरांनी मला ते पाठ म्हणून दाखवलं. मला फार बरं वाटलं. तू चौथी शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचणारी. तुझ्यापर्यंत हे पोचणार नाही, असा माझा हिशेब.

पोचलं, पण भलत्याच वाटेने. लेख वाचून लोक कव्हरं मागायला आले. शाळेतल्या बाई आल्या, ग्रामपंचायतीचा कारकून आला. तू म्हणालीस, "लोकं सांगत्यात तू माझ्यावं लिवलंस. ब्येस केलंस. आता त्याच्यावंच एक पाटी काडून दे रं, मोट्या अक्षरात. कव्हरं शिवून मिळतील. दाराला लावीन."

मी म्हणालो, उद्या. मग शाई संपली होती, मग कागद चांगला नव्हता. माझ्याकडे मुंबईहून दोन-चार लिहिणारी मंडळी यायला लागली होती आणि दारावर ती पाटी मला नको होती. तीन वर्षं तू मागत राहिलीस आणि मी उद्या देत राहिलो. शेवटी तू शिवणाच्या खडूने दारावर स्वतःच लिहिलंस. 'मिळतील'मधला 'ळ' तुला नीट जमला नाही, तो दोनदा गिरवला होतास. चार दिवसांनी अक्षरं नव्हती. "पावसानं गेली वाटतं," तू म्हणालीस, आणि पुन्हा लिहिलं नाहीस. पाटीचं नावही काढलं नाहीस.

आता इथे कर्जतला गिरणी नाही, पण आजूबाजूला सगळीकडे इमारती उठतायत आणि सिमेंट कोंड्याहून बारीक असतं. गेल्या आठवड्यात माझा ऑल-इन-वन तासातासाने बंद पडायला लागला. कुणीतरी सांगितलं, चौक गावात हायवेच्या कडेला गॅरेजच्या शेजारी एक जण उघडून देतो. मी त्याला चादरीत गुंडाळला, टमटममध्ये मांडीवर घेऊन बसलो. शेजारी भाजीची पाटी घेतलेली म्हातारी. तिने चादरीचा कोपरा उचलून बघितलं.

"टीवी हाय का?"

"नाही, कॉम्प्युटर."

"मंग बाकीचा कुटं हाय?"

"बाकीचं काही नाही, आजी. एवढाच."

"एवडाच?" ती म्हणाली, आणि उतरेपर्यंत माझ्याकडे, त्याच्याकडे नव्हे, असं बघत होती की मी बाहेर तोंड केलं.

चौकच्या कारागिराने काच सोडवायला केस वाळवायचं यंत्र लावलं, कारण ती स्क्रूने बसवलेली नसते, चिकटवलेली असते. आतून त्याने चिमटीने एक राखाडी वात बाहेर काढली, गोधडीतल्या जुन्या कापसासारखी. "नाक चोंदलंय याचं," तो म्हणाला. आई, खरंच हेच म्हणाला. "बंद केलं की गार होऊ द्या, मग कव्हर घाला."

"कुठे मिळेल?"

"याच्या मापाचं तयार नाही मिळत. शिवून घ्यावं लागेल. पण आता शिवतंय कोण?"

घरी आलो, कॉम्प्युटर पलंगावर निजवला, फळी उघडली आणि तुझं मशीन वर काढलं. पलंगाखालची तुझी पत्र्याची पेटी चौदा वर्षांत पहिल्यांदा उघडली. सुया, बॉबिनी, खडूचे चपटे तुकडे, आणि सुतळीने बांधलेले, कापडावर ठेवून कापायचे कागदी बेत. तू बेत वर्तमानपत्रावर कापायचीस. एका घडीवर लिहिलं होतं, 'शाळा, डबा, मागं'. उलगडली तर माझं सदर. माझं नाव, वर माझा हसरा फोटो, सगळा लेख जसाच्या तसा; कात्री त्याच्या कडेकडेने गेलेली. फक्त मधोमध नाकाची चौकोनी खिडकी कापलेली होती. काय गेलंय ते बघायला मी लेख वाचत गेलो. ते एकच वाक्य गेलं होतं.

कागद दोन बोटं वर सरकवला असतास, तर दुसरं कुठलंही वाक्य गेलं असतं. तू अक्षराला अक्षर लावून तिथपर्यंत पोचली होतीस. आणि तरी म्हणाली होतीस, ब्येस केलंस.

कव्हर मी शिवलंय. डावी बाजू आखूड झाली आणि खिडकीला काज जमला नाही, कडा दुमडून धावदोरा घातला. नाक मात्र चुकलं नाही.  मग त्याला कवेत घेतलं, बटण शोधलं, गरम वारा लागेपर्यंत खिडकीशी तळहात धरला, नंतर कव्हर काढून मोठ्या अक्षरांत तीन शब्द टाइप केले. 'ळ' सरळ आला, त्याची किंमत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं आणि दाराला बाहेरून चिकटवलं. चिकटपट्टी धरेना, म्हणून आधी ओल्या फडक्याने दार पुसून घेतलं होतं.

समोरच्या बाई कुलूप लावता लावता थांबल्या. "कव्हरं? कोण शिवतं तुमच्याकडे?"

मी म्हणालो, मी.

"मिक्सरचं शिवाल?"

उद्या म्हणायला तोंड उघडलं होतं. टेप घेऊन आलो आणि त्यांच्या ओट्यापाशी माप घेतलं.

हे पत्र त्याच कागदी बेताच्या घडीत ठेवतोय. आई, पोशीरच्या दारावरचा खडू पावसाने गेला नव्हता, माझ्या हातातल्या ओल्या फडक्याने गेला होता. आपल्या दारापर्यंत पाऊस कधी येतच नव्हता, हे तुलाही माहीत होतं.