एका पाकिटात दोघं

नाशिक, ६ फेब्रुवारी

प्रिय आई, लांबूनच वाकून नमस्कार.

मामीने औषधांचं बिल निम्म्यावर आणलं, असं मागच्या पत्रात मी कौतुकाने लिहिलं होतं. ते चुकलं. मी नीट विचारलंच नव्हतं.

काल लाइटबिल भरताना विचारलं. मामी सहज म्हणाली, "अगं, बीपी दोघांनाही, गोळीही तीच. मग दोन पाकिटं कशाला? एक दिवस ह्यांनी घ्यायची, एक दिवस मी."

मामा हसला. "आज माझी सुट्टी."

बीपीची गोळी रोज घ्यायची असते, हे मी दोघांना सांगून पाहिलं.

तू घाबरू नकोस, दोघं व्यवस्थित जेवतात. मामाचे पाय तेवढे संध्याकाळी सुजतात. मोठ्या बहिणीचं तो ऐकेल. त्याला फोन कर, माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

तुझी गोळी रोज चालू आहे ना?

मी रजा टाकली आहे. सोमवारी, नऊ तारखेला, दोघांनाही डॉक्टरांकडे नेणार आहे.

तुझी योगिनी