शिलाई मशीन आणि पेन्शनचं खातं

आप्पा, आज तुमच्यावर लई राग आलाय. अनगोळच्या आपल्या घरातनं तुमची शिलाई मशीन न्यायला कोर्टाचा माणूस आलता, तो दिवस सारखा आठवतोय. दोस्ताच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलेलात. दोस्त गायब झाला आणि नोटीस आली तुम्हाला, तीही कन्नडात. तुम्हाला दुकानांच्या पाट्यांपुरतंच कन्नड वाचता यायचं. पण कोर्टाचा कागद शेजाऱ्याला दाखवायचा म्हणजे अब्रू गेली! घडी करून मापाच्या वहीत ठेवून दिलात. वर मशीन न्यायला आलेल्याला चहा पाजलात. मी रडत होते, तर म्हणालात, "गप गं. त्याचा काय दोष? वरनं कागद आलाय. सही मी केलती न्हवं?"

कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत, आप्पा! कायद्यातच आहे तसं. पगारातलाही ठरलेला हिस्साच कापता येतो, सरकारी पेन्शनला तर हात लावता येत नाही. कोर्टात जाऊन एक अर्ज द्यायचा होता, बस. बँकेत लागल्यावर हे कळलं आणि मी कपाळावर हात मारला. तोवर तुम्ही दुसऱ्याच्या दुकानात काज-बटणं करून म्हातारे झालेलात.

परवा आमच्या चिकोडीच्या शाखेत एक आक्का आली. सरकारी शाळेत शिपाई होती, आता पेन्शनवर आहे. भाच्याच्या कर्जाला जामीन राहिली, त्यानं हप्ते थकवले. आदल्या आठवड्यात कोर्टाचा हुकूम आलता आणि मीच तिचं अख्खं खातं अडवलं होतं. बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट हातात घेऊन ती उभी. मी साहेबांना म्हटलं, ही पेन्शन आहे, सोडायला पाहिजे. साहेब म्हणतात, "कोर्टाकडनं लिहून आणायला सांगा, म्याडम." म्हणजे कायदा तिच्या बाजूचा, आणि खेटे घालायचे तिनंच! डोकंच फिरलं माझं. जेवणाच्या सुट्टीत तिचा अर्ज मी लिहून दिला. तारीख पुढच्या सोमवारी आहे. तोवर गोळ्या कशानं आणायच्या, हे कुठल्या कलमात लिहिलंय? मी पैसे देऊ केले, तिनं घेतले नाहीत.

जाताना मलाच म्हणाली, "तुझा काय दोष गं बाई, वरनं कागद आलाय." तुमचंच वाक्य, आप्पा. तिच्या घरी गेले असते तर मलाही चहा पाजला असता तिनं.

हे पत्र टाकायचं तरी कुठं, म्हणून तुमच्या मापाच्या वहीतच ठेवते, त्या नोटिशीजवळ. एक सांगायचं राहिलं. खातं अडवताना महिन्या-महिन्याला जमा झालेली पेन्शन मला स्क्रीनवर दिसत होती. हातात हुकूम होता, मी बटण दाबलं.