काड्यापेट्यांचं यार्ड

बाबा,

देवपूजा आटोपली, भात शिजतोय तोवर लिहायला बसले. जुन्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. नवा कागद तुमच्यावर खर्च करावासा वाटला नाही.

आपलं उरणचं स्वयंपाकघर आठवतं का? तुम्ही कंटेनर यार्डात कारकून होतात. रविवारी जेवण झालं की चुलीजवळ बसून मी साठवलेल्या रिकाम्या काड्यापेट्या एकावर एक रचायचात आणि कपाळाला हात लावायचात. "ट्रेलर दारात उभा, नि त्याचा डबा सगळ्यांच्या खाली! वरचे उतरवण्यात सकाळ जाते, साहेब शिव्या घालतो." कंटेनर येईल तसा तुम्ही रचायचात. मी दहावीत. भाकरी थापता थापता म्हटलं, "आला कधी ते कशाला बघता? जाणार कधी ते विचारा. आधी जाणारा वर." तुम्ही रास मोडलीत, मी सांगेन तशा पेट्या पुन्हा रचल्यात. मग कितीतरी रविवार आपण तेच केलं. मला वाटायचं, आपण दोघं मिळून यार्ड चालवतोय.

तुम्ही सुपरवायझर झालात. पेढे देवापुढे ठेवलेत. साहेबांना काय सांगितलंत, विचारलं तर हसलात. "पोरीनं शिकवलं म्हणून सांगू? हसतील ना मला!" निकाल लागल्यावर मी कॉलेजचा फॉर्म मागितला, तेव्हा मात्र आवाज चढला. "शिकून काय यार्डात उभी राहणार हायस? घरचा हिशोब ठेवण्यापुरतं झालं." लग्नात स्टीलचे डबे दिलेत, एकात एक बसणारे. वऱ्हाडी म्हणाले, बापानं हात सैल सोडला.

आज तुमची नात तेच काम करते, कॉम्प्युटरवर. ऑपरेशन्स अ‍ॅनालिस्ट म्हणतात तिला. कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, कुठला ट्रेलर कधी बोलवायचा, ते ती ठरवते आणि त्याचा तिला पगार मिळतो. एकदा मी सहज विचारलं, "आधी जाणारा वर ना गं?" ती म्हणाली, "अय्या, तुला कुणी सांगितलं?" मी कुकरकडे वळले.

आता तिला चेन्नईच्या बंदरात वरची जागा मिळतेय. काल जेवताना हे म्हणाले, "एकटी पोर परमुलखात? तू आई आहेस, तू अडव." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "जा." ह्यांनी ताट सरकवलं. "बापानं हेच शिकवलं का तुला?"

"नाही. त्यांनी अडवायला शिकवलं."

ती उठून माझ्या गळ्यात पडली. तिला वाटतं, मी तिच्यासाठी भांडले. आज ती आत गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालतेय. सकाळी देवासमोर तिच्यासाठी हात जोडले, पण मागणं काही तोंडातून निघेना. मला तिचा हेवा वाटतोय, बाबा. पोटच्या पोरीचा. हे तिला सांगता यायचं नाही, देवाला सांगायची हिंमत झाली नाही. तुम्हाला सांगायला काही वाटलं नाही. तुम्ही जिवंत होतात तेव्हाही माझं कुठे ऐकत होतात!