बरे झालेल्यांच्या कपाटातून फाईल हलवण्याबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
मुलांचे कर्करोग रुग्णालय,
चौथा मजला (लिफ्ट तिसऱ्यापर्यंतच).

विषय : अर्जदाराची फाईल ‘बरे झालेले’ या कपाटातून काढून ‘मृत’ या कपाटात ठेवण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांना आलेले आपले एकच उत्तर.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार, वय एकोणतीस, धंदा पुस्तकबांधणी, हा सातव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगासाठी आपल्याकडे दाखल झाला आणि नवव्या वर्षी ठणठणीत बरा होऊन घरी गेला. तळमजल्याच्या भिंतीवर हातात फुगा धरलेल्या टकल्या मुलाचा जो फोटो आहे, तो त्याचाच. दारावरचे शिपाईमामा तो दाखवून नव्या आईबापांना धीर देतात. त्याबद्दल तक्रार नाही.

२. गेल्या वर्षापासून अर्जदाराला कागदाचा गठ्ठा उचलला तरी धाप लागते. मोठ्यांच्या रुग्णालयातील हृदयाच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितले की, लहानपणी दिलेल्या लाल औषधाने हृदय थकवले आहे. “एकूण किती औषध गेलं तो आकडा आणा. त्याशिवाय कायमच्या तपासणीच्या यादीत नाव घालता येत नाही, आणि नाव नसेल तर पुढचे उपचार सुरू होत नाहीत,” असे त्या म्हणाल्या. आकडा फाईलमध्ये आहे. फाईल आपल्याकडे आहे. इतके सोपे काम आहे असे समजून अर्जदार हसत घरी आला, हा त्याचा पहिला मूर्खपणा.

३. आपल्या खिडकीवरील कारकून महाशयांनी नियम समजावून दिला. फाईल बालरुग्णाची असल्याने ती बालरुग्णाच्या पालकालाच दाखवता येते. अर्जदार आता बाल नाही, सबब तो आपला रुग्ण नाही. अर्जदाराने वडिलांना लिफ्टच्या पुढचा मजला पायी चढवून आणले. तेव्हा कारकून म्हणाले, “काका, पोरगा अठराचा झाला तेव्हाच तुमचं पालकपण संपलं. आता तुम्ही कोण त्याचे?” वडील कठड्याला धरून उभे होते.

४. आपले लेखी उत्तर असे की, “जुना आजार उलटल्यास फाईल विनाविलंब उघडण्यात येईल.” त्यानुसार अर्जदाराने रक्त तीनदा तपासून घेतले. आजार काही उलटायला तयार नाही. आपल्या डॉक्टरांनी काम चोख केले आहे.

५. मागील महिन्यात आपली जुनी रजिस्टरे नव्याने बांधायला अर्जदाराच्याच दुकानात आली. त्यात ‘नष्ट करावयाच्या फायली’ हे एक होते. बरे झालेल्यांच्या फायली त्यांच्या वयाला तीस वर्षे पूर्ण होताच यंत्रात घालून बारीक करतात, हे अर्जदाराला त्यातून कळले. चाळिसाव्या पानावर त्याचा क्रमांक आहे, समोर या महिन्याची वीस तारीख. ते पान अर्जदाराने स्वतःच्या हाताने शिवले. शिवण पक्की आहे, काळजी नसावी.

६. त्याच रजिस्टरात असेही लिहिले आहे की, मृत बालकांच्या फायली कायम जतन कराव्यात. अर्जदाराच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता, त्याला सगळे भोपळ्या म्हणत. तो आठव्या वर्षी गेला. त्याची आई अजून दरवर्षी येऊन त्याची फाईल पाहते. तिला विचारले तर म्हणाली, “मला पाच मिनिटांत देतात रे. खुर्चीसुद्धा देतात बसायला. तुला का नाही देत?” मग म्हणाली, “माझ्याच्या फाईलमध्ये सगळं आहे. लाल औषधाचा आकडासुद्धा आहे. मी काय करू त्याचं?” अर्जदाराला त्या माऊलीचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला याची त्याला अजून लाज वाटते.

७. यावरून अर्जदाराच्या ध्यानात आपला नियम नीट आला. मेलेले मूल कायम मूलच राहते, आणि त्याचे आईबाप कायम पालक राहतात. जगलेल्याचे मात्र कोणीच उरत नाही.

सबब विनंती की, अर्जदार वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी मरण पावल्याची नोंद घेऊन त्याची फाईल वीस तारखेच्या आत ‘मृत’ या कपाटात हलवावी. म्हणजे वडील पुन्हा पालक होतील, खिडकीवर येतील, त्यांना खुर्ची मिळेल आणि ते तो आकडा कागदावर उतरवून घेतील. भिंतीवरचा फोटो काढण्याची गरज नाही. कपाट चौथ्या मजल्यावर असते आणि फोटो तळमजल्यावर, त्यामुळे कोणाच्या लक्षात येणार नाही. ही नोंद खोटी ठरेल अशी शंका असल्यास, डॉक्टरबाईंच्या मते ती फार काळ खोटी राहणार नाही.

आपलाच बरा झालेला,
(सही)
फाईल क्रमांक ३१७
दिनांक : ११

सोबत :
१) डॉक्टरबाईंचे पत्र.
२) भोपळ्याच्या आईचे निवेदन, की अर्जदार तिच्या मुलासोबत होता.
३) वडिलांचे संमतिपत्र. मृत्यूच्या तारखेची जागा कोरी आहे. दोन दिवस कागद समोर घेऊन बसले, पण त्यांच्या हातून एकही तारीख लिहवली नाही. कार्यालयाने सोयीची टाकावी.