शेवटची पाळी काळ्याची

बाबा, मागच्या रविवारी मी अगदी तुमच्यासारखी बोलले.

रविवारी सकाळी इथे अमरावतीला वस्तीच्या मैदानावर आम्ही कुत्री पाळणारे काही लोक जमतो. तुम्ही दर्यापूरच्या शाळेत कवायत शिकवायचात, तशी मी तिथे कुत्र्यांना छोटे खेळ शिकवते. यंदा सगळ्यांचं मिळून एकच आव्हान ठेवायचं ठरवलं. स्पर्धा नको होती, कारण ती एका प्राध्यापकांचा जर्मन शेफर्डच जिंकतो. माझी कुत्री बहिरी, एक लॅब्राडोर इतका म्हातारा की बसला तर उठवावा लागतो. म्हणून साखळी आखली. एकाचा खेळ झाला की पुढच्याने सुरू करायचा, आणि शेवटच्याचं जमलं तरच सगळे जिंकले. शेफर्डने रिंगमधून उडी मारायची. लॅब्राडोरने बसायचं नाही, नुसतं तळहाताला नाक लावायचं. माझीने हाताच्या खुणेवर गोल फिरायचं. आखताना मला माझंच कौतुक वाटलं.

राहिला एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर काकांचा काळा. गाडीखाली येऊन त्याचा पुढचा एक पाय गेलाय. त्याला शेकहँड शिकवावा, तर उरलेला पंजा उचलल्यावर उभा कशावर राहणार? मी काकांना म्हटलं, "त्याले बाजूले बसू द्या काका, पडन बिचारा. तुमी टाळ्या वाजवा."

"मॅडम, ह्याले पाहाले आणलं का मी?" काका म्हणाले. "पडला तं उठते. घरी का कमी पडते का?"

"तू बस बाई, पडशीन. लोकं हासतीन." हे तुमचं वाक्य. माझा डावा पाय आखूड. संमेलनात वर्गातल्या सगळ्या मुली तुमच्या लेझीम पथकात, आणि मी पाहुण्यांच्या रांगेत खुर्चीवर, नव्या फ्रॉकमध्ये. तुम्ही हलगीवाल्याला खूण करता, शिट्टी वाजते, मुली वाकतात, धूळ उडते. मध्येच तुम्ही माझ्याकडे बघता, मी नीट बसले आहे ना म्हणून. लोक म्हणायचे, सरांचा पोरीवर किती जीव. होताच. म्हणून तर कधी भांडता आलं नाही.

काका दुखावले असतील, आता येणार नाहीत, या विचाराने मला चैन पडेना. बुधवारी त्यांच्या घरी गेले. काळा त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकून पडला होता.

"काका, हेच करन का तो मैदानावर?"

"हे तं दिवसभर करते. ह्याच्यात शिकवाचं काय?"

"सगळ्यांसमोर, आपली पाळी आल्यावर करणं. तेच शिकवाचं."

 काकांनी मला चहा पाजला.

आज ते आले. काळ्याची पाळी शेवटी ठेवली होती. उडी झाली, नाक लावून झालं, माझीही फिरली. काळा काकांकडे निघाला आणि भुसभुशीत मातीत घसरून तोंडावर पडला. माझा हात आपोआप पुढे गेला. मी तो मागे घेतला. दोघं-तिघं हसले. काकाही हसले. "उठ रे भाऊ, सारी अमरावती थांबून राहिली तुयासाठी." तो उठला, अंग झटकलं आणि काकांच्या तळहातावर हनुवटी टेकवली. मग सगळे इतके ओरडले की माझी बहिरी कुत्रीसुद्धा वळून बघायला लागली.

लोक हसले, बाबा. काही झालं नाही.

तो पडला तेव्हा मला जे वाटलं, ते तुम्हालाही माझ्याकडे बघताना वाटत असेल. एवढं आज कळलं. पण तुम्हाला एक माहीत नव्हतं. संध्याकाळी तुम्ही शाळेत सरावाला थांबायचात, तेव्हा मी स्वयंपाकघरात सांडशी हातात घेऊन लेझीम खेळायची. लेझीमचे सगळे हात येत होते मला. पडायचीही. आई पोळ्या लाटता लाटता तोंडाने ठेका धरायची, आणि दारात तुमची सायकल वाजली की मी सांडशी खुंटीला अडकवून पाटावर बसायची.