काचो-सानचं कॅल्शियम

तीर्थरूप कात्सुहिकोदादास,

धाकट्या मित्सुएचा कमरेतून वाकून नमस्कार. इकडे नागाओकाचे डोंगर लाल झाले, परसातली पर्सिमनची फळं सोलून मी ओसरीला वाळत टांगली आहेत. तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा गुडघा? सेंदाईत थंडी लवकर पडते, तेव्हा लोकरीचा पट्टा बांधत जा. (मी दिलेला. तो कपाटात ठेवायला नव्हता दिला.)

आता बाबांच्या सरड्याविषयी. बाबा गेल्यावर तुम्ही दोघांनी त्याला न्यायला नकार दिलात, त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. (वहिनींचं म्हणणं, तो एका डोळ्यानं त्यांच्याकडे आणि दुसऱ्यानं त्यांच्या पर्सकडे बघतो.) बाबांनी ऑफिसातल्या विभागप्रमुखांवरून त्याला काचो-सान म्हणायला सुरुवात केली, कारण समोर कोण उभं आहे ते पाहून दोघेही रंग बदलत. इस्पितळात बाबा मला शेवटचं काय म्हणाले ठाऊक आहे? ‘माझं राहू दे, काचोचे पाय वाकू देऊ नकोस.’ आणि बाबा गेले नि ते पाय वाकायलाच लागले. फांदी धरवेना, जीभ बाहेर निघेना, त्याला खायला सोडलेले रातकिडे त्याच्याच नाकावर बसून मिशा साफ करू लागले. डॉक्टर म्हणाले, हाडं मऊ पडलीत, कॅल्शियम पोटात गेलं नाही तर हिवाळा निघायचा नाही. दादा, या घरात श्वास घेणारे आम्ही दोघंच उरलो होतो.

मग मी कॅल्शियमच्या मागे लागले. एका पावडरीत जीवनसत्त्व होतं, एकीत नव्हतं, एक शिंपल्यांची होती, एक मी घरीच अंड्यांची टरफलं कुटून केली. (आठवडाभर अंडीच खात होते.) पावडरीत घोळवलेला रातकिडा समोर धरला की हा तोंड फिरवायचा. शेवटी सरड्यांच्या दुकानातला ओनिझुका, तो हिरव्या केसांचा, मला म्हणाला, ‘काकू, सरड्याचं राहू द्या, तुम्ही जेवलात का काही?’ आणि त्यानं स्वतः केलेली पावडर एका लहान पांढऱ्या चिनीमातीच्या बरणीत घालून दिली. घरी येताच मी ती नेहमीप्रमाणे आधी बाबांच्या देव्हाऱ्यात ठेवली. बाहेरून आलेलं काहीही आधी गेलेल्यांपुढे, मग आपल्याला, हे आईनं अंगात भिनवलंय. मी तर विजेचं बिलसुद्धा तिथे ठेवून मग भरते. शेजारीच बाबांच्या अस्थींची तशीच पांढरी बरणी होती. (माझ्या वाटणीची हाडं मी दळून आणली होती. तुझ्यासारखा मोठा कलश ठेवायला मला जागा कुठे?) संध्याकाळी नमस्कार करून मी एक बरणी उचलली. कुठली, ते तू ओळखलं असशील. मी नाही ओळखलं.

त्याची जीभ अशी सुटली की माझ्या हातातला चिमटा खाली पडला. पाय ताठ झाले, फांदीवरची पकड घट्ट झाली. मी आनंदानं रडले. मग तो रंग धरू लागला: राखी तपकिरी आणि गळ्याशी मोहरीच्या फुलांसारखा पिवळा. तसं काहीच त्या खोलीत नाही. तसा बाबांचा स्वेटर होता, तो मी केव्हाच देऊन टाकलाय. टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या लागल्या की तो तिकडे वळून बसतो, आणि बाबांचा पहिलवान हरला की काळा पडतो. माझ्या सुपात मीठ जास्त झालं की एक डोळा माझ्याकडे येतो. शेजारच्या फुसानो मावशी गेल्या आठवड्यात आल्या आणि पिंजऱ्यापुढे चक्क वाकल्या. म्हणाल्या, ‘उशीर झाला हो, रागावू नका,’ आणि बाबांकडून कधीकाळी नेलेली कुंपण छाटायची कात्री परत ठेवली. मग भानावर येऊन मला म्हणाल्या, ‘मी आत्ता कुणाशी बोलले गं?’ चहा न घेता गेल्या.

त्यानंतर देव्हारा पुसताना बाबांची बरणी उचलली, तर तळाला ओनिझुकाची चिठ्ठी चिकटवलेली: रोज एक चिमूट. म्हणजे इतके दिवस मी उदबत्ती लावून, गरम भात ठेवून कॅल्शियमची पूजा करत होते. (भिक्षूही त्याच्यापुढेच सूत्रं म्हणून गेले. चांगला तासभर.) मी लगेच खरी पावडर सुरू केली. काचो-साननं तोंड मिटलं आणि दोन्ही डोळे एकदम माझ्यावर रोखले, तसं तो कधीच करत नाही. दुसऱ्या दिवशी मागचा पाय पुन्हा लटपटला. मग मी काय करणार? बाबांच्या बरणीचा तळ खरवडला. आता ती रिकामी आहे.

बाकी सर्व क्षेम. तुला त्रास द्यावा असं काही नाही, केवळ खुशाली कळावी म्हणून लिहिलं.

तुझी,
मित्सुए

ता. क. वसंतात कलश थडग्यात ठेवण्याआधी तुझ्याकडच्या बाबांतले थोडे मला पाठवता येतील का? चहाच्या डब्यात मावतील एवढेच. बरगड्या चालतील. दळायचं मी बघेन, घरात खल आहे. वहिनींना सांगायची गरज नाही.

ता. क. दहनानंतर तू काड्यांनी उचलून कलशात सगळ्यांत वर ठेवलंस ते गळ्याचं हाड, बसलेल्या बुद्धासारखं दिसणारं, ते मात्र चुकूनही पाठवू नकोस. काल कुस्त्या संपल्यावर काचो-सान माझ्याकडे बघून बराच वेळ जबडा हलवत होता. आवाज नव्हता. ते हाड पोटात गेलं तर तो बोलायला लागेल अशी मला भीती वाटते.

ता. क. पत्र टाकायला निघाले होते, दारातून परत आले. घर फार शांत आहे, दादा. तेच हाड आधी पाठव.